कोट हातावर टाकून येऊ नये

लोकसभेत येताना सदस्याने कोट हातावर टाकून येऊ नये. टोपी काढून समोरच्या डेस्कवर ठेवू नये. कागदाखाली धरायला पुठ्ठा किंवा फळी आणू नये. सिगारेट ओढू नये. काठी घेऊन येऊ नये. गुडघे फारच बोलत असतील तर प्रकृतीचं कारण दाखवून अध्यक्षांची परवानगी काढावी आणि मगच काठी टेकत यावं. कॅसेट किंवा टेपरेकॉर्डर आणू नये आणि वाजवू नये. अध्यक्षांकडे पाठ करून बसू नये, उभंही राहू नये. बोलणारा सदस्य आणि अध्यक्ष यांच्या मधून आडवं जाऊ नये. आपलं भाषण संपलं की लगेच सटकू नये. दुसरा बोलत असताना फुत्कार टाकू नयेत, धावतं समालोचन करू नये. कागद फाडू नयेत. घोषणा देऊ नयेत. आणि स्वतः बोलत नसताना गप्प बसावं.

हे सगळं लोकसभेच्या नियमावलीतल्या एकाच, ३४९ क्रमांकाच्या नियमात आहे. पोटकलमं वीसच्या वर. गप्प बसण्याचं कलम आठवं. बाकीची सगळी कलमं बहुधा आठव्याचा उपयोग झाला नाही म्हणून लिहावी लागली.

नियम हवेतून पडत नाहीत. कुणीतरी काहीतरी करून ठेवलेलं असतं, म्हणून नियम होतो. त्यामुळे ३४९वा नियम वाचायला घेतला की मला कलमं दिसत नाहीत, माणसं दिसायला लागतात. टेपरेकॉर्डर आणणारा तो सदस्य कोण असेल? बटण दाबून त्याने काय ऐकवलं असेल, मंत्र्याचं निवडणूक सभेतलं भाषण की आशा भोसले? कोट हातावर टाकून आलेला बहुधा मे महिन्यात आला असावा, आणि दिल्लीच्या मे महिन्यात कोट हातावर घेणं हा बेशिस्तीचा प्रकार आहे असं ज्याला वाटलं, तो माणूस जन्माने नाही तरी मनाने लंडनमध्ये राहत असावा. धावत्या समालोचनाचं तर काय सांगावं! नाट्यगृह, क्रिकेटचं मैदान आणि लग्नाची पंगत या तिन्ही ठिकाणी आपल्याकडे तो कुळाचार आहे. खासदार झाल्यावर तो एकदम सोडायचा म्हणजे जरा जास्तच होतं.

येता-जाता अध्यक्षांना मान लववावी, असंही एक कलम आहे. ते मात्र पाळलं जातं. अध्यक्षांपुढच्या मोकळ्या जागेत उतरून घोषणा द्यायच्या, हे घरून ठरवून आलेला सदस्यसुद्धा दारात थबकतो, वाकतो, आणि मग धावतो.

या नियमावलीत मला एक सूत्र दिसतं. वस्तू जितकी हातात मावणारी, तितका तिचा नियम घट्ट. काठी, टोपी, पुठ्ठा, कॅसेट यांच्या बाबतीत शंकेला जागा नाही. वस्तू मोठी झाली, म्हणजे पैसा, नीतिमत्ता, अधिकार असल्या आकाराची झाली, की नियमाचा आवाज खाली येतो आणि त्यात 'शक्य तितक्या लवकर', 'तूर्त', 'यथावकाश' असे शब्द दिसायला लागतात.

उदाहरणार्थ लोकसभेचे उपाध्यक्ष. राज्यघटनेच्या ९३व्या कलमात म्हटलंय की लोकसभेने शक्य तितक्या लवकर अध्यक्ष आणि उपाध्यक्ष निवडावेत. सतरावी लोकसभा २०१९ मध्ये आली आणि २०२४ मध्ये विसर्जित झाली. तेवढ्या काळात उपाध्यक्ष निवडणं काही शक्य झालं नाही. काठीला परवानगी लागते, उपाध्यक्षाला मुहूर्त लागतो.

किंवा खासदारांचे विशेषाधिकार घ्या. हक्कभंगाची नोटीस म्हटली की भले भले संपादक घाम पुसतात, तो हाच प्रांत. हे अधिकार नेमके कोणते, ते संसद कायदा करून ठरवील, असं १९५० मध्ये लागू झालेल्या घटनेत लिहिलं गेलं. तोपर्यंत ब्रिटनच्या हाऊस ऑफ कॉमन्सचे जे अधिकार तेच आपले. कायदा काही झाला नाही. १९७८ मध्ये कुणाच्या तरी लक्षात आलं की स्वतंत्र देशाच्या घटनेत परक्या सभागृहाचं नाव बरं दिसत नाही. मग ४४व्या घटनादुरुस्तीने ते नाव काढलं आणि त्याजागी, थोडक्यात सांगायचं तर, 'कालपर्यंत जे होते तेच' असं लिहिलं. घरजावयाने दारावरची सासऱ्याची पाटी उतरवावी आणि आत पलंगासकट सगळं सामान तसंच ठेवावं, तशी ही दुरुस्ती. कायदा अजून व्हायचा आहे.

हे सगळे नियम करतं कोण? ज्यांनी पाळायचे तेच. घटनेच्या ११८व्या कलमाने प्रत्येक सभागृहाला आपल्या कामकाजाचे नियम आपणच करायची मुभा दिली आहे. आणि १२२व्या कलमाने न्यायालयांना बजावलं आहे की कामकाजाच्या पद्धतीत काही चुकलं एवढ्यावरून तुम्ही त्यात पडायचं नाही. लोकसभेचे पहिले अध्यक्ष दादासाहेब मावळंकर. घराणं मूळचं कोकणातलं, वकिली अहमदाबादेत. कोकणी रक्त आणि वकिलीची सनद असा योग जुळून आल्यावर नियमांना तोटा कसा पडेल? पण त्यांच्याच विरुद्ध १८ डिसेंबर १९५४ रोजी अध्यक्षपदावरून दूर करण्याचा ठराव आला. तो फेटाळला गेला. अध्यक्षाला काढायचा नियम चालतो की नाही, हे पहिल्याच अध्यक्षावर तपासून झालं.

आमचे सासरेबुवा हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. बाहेरचा टीव्ही सासूबाईंच्या मालिकांनी व्यापल्यापासून ते आतल्या खोलीत संसद टीव्ही लावून बसतात. लोकसभेची नियमावली मीच त्यांना छापून आणून दिली. दोन दिवसांनी गेलो तर पुस्तकात ठिकठिकाणी कागदाच्या खुणा घातलेल्या.

"जावईबापू, शेवटची दोन पानं वाचलीत का?" त्यांनी विचारलं.

वाचली नव्हती. नियम एकूण ३८९. त्यातला ३८८वा सांगतो की अध्यक्षांची संमती घेऊन कोणताही नियम स्थगित ठेवण्याचा प्रस्ताव मांडता येईल. आणि ३८९वा सांगतो की या नियमांत ज्याची तरतूद नाही, ते सगळं अध्यक्ष ठरवतील.

"हे पुस्तक हेडक्लार्कनेच लिहिलंय," सासरेबुवा खूश होऊन म्हणाले. "३८७ कलमांत साहेबांना बांधायचं, ३८८व्यात गाठ सैल करायची आणि ३८९व्यात दोरीच साहेबांच्या हातात द्यायची. उभी हयात आम्ही असलीच टिपणं लिहिली."

मला वाटतं, त्यांनी नियमावलीचा गाभा ओळखला. कारण संसदेतला सगळ्यात लोकप्रिय तास या ३८९ नियमांत कुठेच नाही. प्रश्नोत्तरांचा तास आहे. त्यासाठी पंधरा दिवस आधी नोटीस द्यायची, सोडत निघायची, लोकसभेत रोज वीस प्रश्न तारांकित व्हायचे, त्यांतले मोजकेच प्रत्यक्ष उत्तरापर्यंत पोचायचे. पण तो संपला की जो शून्य प्रहर सुरू होतो, त्याचा पुस्तकात पत्ता नाही. साठच्या दशकात सदस्य प्रश्नोत्तरं आटोपल्यावर उठून आपापलं गाऱ्हाणं मांडायला लागले आणि ते रोजचंच झालं. आपल्या देशाने जगाच्या संसदीय परंपरेत जी भर घातली ती हीच, असं अभिमानाने सांगितलं जातं. नियमात नसलेली गोष्ट वेळच्या वेळी, रोज, न चुकता होते.

आता शब्दांकडे वळू. शब्द ही तोंडात मावणारी वस्तू असल्यामुळे तिचा बंदोबस्त कडेकोट आहे. अध्यक्षांना एखादा शब्द असंसदीय वाटला तर नियम ३८० प्रमाणे तो कामकाजातून काढता येतो. काढलेल्या शब्दांचं संकलन लोकसभा सचिवालय करतं. २०२२ च्या जुलैत नवं संकलन आलं तेव्हा देशभर हलकल्लोळ झाला. त्यात निकम्मा होता, नौटंकी होती, चमचागिरी, गिरगिट, जुमलाजीवी, लॉलीपॉप होतं. आणि बॉबकट होता. वेगवेगळ्या विधानसभांनीही काढून टाकलेले शब्द या यादीत येतात, तेव्हा कुठल्याशा सभागृहात कुणाला तरी हा शब्द लागला असणार. केसांबद्दल इतकी हळवी सभा मला आवडली. कुठल्याच शब्दावर बंदी नाही, हे फक्त पूर्वी काढलेल्या शब्दांचं संकलन आहे, असा खुलासा अध्यक्ष ओम बिर्ला यांनी केला. म्हणजे बोलायला हरकत नाही, छापायला आहे.

छापताना त्या शब्दाच्या जागी तारे येतात. प्रश्नाला एक तारा मिळावा म्हणून सदस्याने पंधरा दिवस आधी नोटीस द्यायची आणि नशिबाची वाट पाहायची. शिवीला मात्र सोडतीशिवाय, जागच्या जागी. तोवर थेट प्रक्षेपणातून तो शब्द गावोगावी पोचलेला असतो. शाळकरी पोरांनी तो पाठ केलेला असतो. नंतर कधीतरी अधिकृत इतिवृत्त निघतं, त्यात त्या जागी तारे असतात आणि खाली लिहिलेलं असतं की अध्यक्षांच्या आदेशावरून वगळलं.

या यादीने सगळ्यात मोठा घोटाळा केला तो आपल्या नाशिककरांच्या बाबतीत. १९५६ पासून 'गोडसे' हा शब्द असंसदीय होता. कारण सांगायला नको. २०१४ मध्ये नाशिकने शिवसेनेचे हेमंत गोडसे यांना निवडून दिलं. म्हणजे लोकसभेत एक सदस्य असा की जो स्वतःच असंसदीय. त्यांनी नाव पुकारलं जावं म्हणून हात वर करायचा आणि अध्यक्षांनी पुकारलं की ते कामकाजातून काढायचं! गोडसे यांनी रीतसर पत्र लिहिलं, आडनाव काही बदलता येत नाही अशी व्यथा मांडली. तेव्हा अध्यक्षपदी होत्या सुमित्रा महाजन, म्हणजे चिपळूणचं माहेर आणि इंदूरचं सासर. २०१५ च्या एप्रिलमध्ये त्यांनी निर्णय दिला की नुसतं आडनाव संसदीय. नथुराम हे नाव पुढे लागलं तर मात्र नाही. महाराष्ट्रातल्या समस्त गोडसे कुटुंबांना एकोणसाठ वर्षांनी संसदेत प्रवेश मिळाला.

मावळंकर, शिवराज पाटील, मनोहर जोशी, सुमित्रा महाजन. लोकसभेच्या अध्यक्षपदावर मराठी माणसं बरीच बसली. पंतप्रधानपद आपल्याला हुलकावणी देतं, पण इतरांना 'बसा, बसा' म्हणण्याचं काम देशाने आपल्यावर वेळोवेळी विश्वासाने सोपवलं आहे.

गप्प बसण्याचं कलम सर्वांत निष्ठेने पाळणारा सदस्यही मराठीच निघाला. सचिन तेंडुलकर २०१२ मध्ये राज्यसभेवर नियुक्त झाला. पाच वर्षं उलटल्यावर, २१ डिसेंबर २०१७ रोजी तो खेळण्याच्या हक्कावर बोलायला उभा राहिला. समोर घोषणा चालू होत्या. सभापती व्यंकय्या नायडूंनी बऱ्याच विनवण्या केल्या. काही मिनिटं तो तसाच उभा राहिला आणि शेवटी न बोलता बसला. दुसऱ्या दिवशी भाषण त्याने फेसबुकवर टाकलं. शारजात वाळूच्या वादळातही उभा राहून शतक ठोकणारा माणूस! तिथे निदान वादळ थांबल्यावर खेळ सुरू झाला होता.

गोंधळावर उपाय म्हणून २००१ च्या डिसेंबरात ३७४-अ हा नियम आला. अध्यक्षांनी नाव घेतलं की सदस्य जास्तीत जास्त पाच बैठकींसाठी आपोआप निलंबित. या नियमाला आपला प्रतिस्पर्धी कोण असणार याची कल्पना नव्हती. १३ फेब्रुवारी २०१४ रोजी तेलंगणाचं विधेयक मांडलं जात असताना एका सदस्याने सभागृहात मिरपूड फवारली. नियम ३४९ मध्ये शस्त्र आणू नये असं आहे. मसाले आणू नयेत असं नाही.

पण निलंबनाच्या शास्त्राने खरी उंची गाठली ती २०२३ च्या डिसेंबरात. त्या एका अधिवेशनात दोन्ही सभागृहांचे मिळून १४६ सदस्य निलंबित झाले. १९८९ मध्ये एकाच दिवशी ६३ जण निलंबित झाले होते, तो विक्रम मागे पडला. १४ डिसेंबरला लोकसभेतल्या ज्यांची नावं वाचली गेली, त्यांत द्रमुकचे एक खासदार होते. गैरवर्तनाबद्दल निलंबन झालं आणि मग कळलं की ते त्या दिवशी सभागृहात नव्हतेच, चेन्नईत होते. निलंबन मागे घेण्यात आलं. सासरेबुवांना यात फार गंमत वाटली. कचेरीत न येता हजेरीपटावर सही करणारे त्यांनी पुष्कळ पाहिले होते. न येता दंगा करणारा पहिलाच.

आता नीतिमत्ता. हा विषय खिशाशी संबंधित असल्यामुळे मोठा आहे आणि म्हणून नियमही त्यामानाने अंधुक.

सुरुवात १९५१ मध्ये, आपल्या मुंबईतूनच झाली. एच. जी. मुद्गल नावाचे हंगामी संसदेचे सदस्य होते. मुंबईच्या सोन्याचांदीच्या व्यापाऱ्यांच्या संघटनेकडून काही हजार रुपये घेऊन त्यांनी संसदेत प्रश्न विचारले, असा आरोप झाला. पंडित नेहरूंनी स्वतः चौकशी समितीचा प्रस्ताव आणला. समितीने दोषी ठरवलं. हकालपट्टीचा ठराव येणार हे दिसल्यावर मुद्गलांनी राजीनामा दिला. सभागृहाने मग ठराव केला की त्यांनी राजीनाम्यात जे लिहिलं, त्याने मूळ गुन्हा अधिकच गंभीर झाला. आजचे राजीनामे पाहता त्या काळी ते वाचले जात असत, हीच बातमी वाटते.

त्यानंतर कायमची नीतिमत्ता समिती नेमायला जो वेळ लागला, त्याला 'शक्य तितक्या लवकर' म्हणायचं की नाही ते वाचकांनी ठरवावं. राज्यसभेत ती ४ मार्च १९९७ रोजी आली आणि पहिले अध्यक्ष होते शंकरराव चव्हाण. महाराष्ट्र ज्यांना 'हेडमास्तर' म्हणायचा, त्यांच्या हाती छडी दिली हे ठीकच झालं. लोकसभेने २००० मध्ये समिती नेमली आणि ती कायमची करायला २०१५ उजाडलं.

मधल्या काळात प्रश्नांचा बाजार पुन्हा भरला. १२ डिसेंबर २००५ रोजी टीव्हीवर छुप्या कॅमेऱ्याची चित्रफीत लागली. पत्रकारांनी एका अस्तित्वात नसलेल्या संघटनेच्या नावाने खासदारांना गाठून, पैसे देऊन प्रश्न विचारायला लावले होते. ते प्रश्न वाचण्यासारखे आहेत. रेल्वेने जर्मनीकडून 'योसेरियन' नावाचं इंजिन मागवलं आहे काय, असा एक. योसेरियन हा जोसेफ हेलरच्या 'कॅच-२२' या कादंबरीचा नायक. दुसऱ्या एका प्रश्नात त्याच कादंबरीच्या नावाच्या कापसाचा अहवाल तयार झाला आहे काय, अशी चौकशी होती. पैसे घेणाऱ्याने प्रश्न वाचला नाही, हे समजू शकतं. इतक्या व्यवहारात वाचायला वेळ कुठून मिळणार! पण विनोद म्हणून मी लिहिलेला प्रश्न कुठल्याही संपादकाने 'अतिशयोक्ती' असा शेरा मारून परत केला असता. अकरा दिवसांत, २३ डिसेंबरला, अकरा खासदारांची हकालपट्टी झाली. त्यांत दोघे आपल्या जळगाव जिल्ह्यातले. सर्वोच्च न्यायालयानेही ती पुढे योग्य ठरवली. इतक्या जलद निकाली निघालेलं दुसरं संसदीय काम मला तरी आठवत नाही.

मात्र पैसे घेऊन प्रश्न विचारण्यापेक्षा पैसे घेऊन मत देणं अधिक सुरक्षित होतं. हे मी नाही म्हणत, सर्वोच्च न्यायालयाचा १९९८ चा निकाल म्हणत होता. १९९३ च्या जुलैत नरसिंह रावांच्या सरकारवर अविश्वास ठराव आला. हे राव दोनदा आपल्या रामटेकमधून निवडून गेलेले. सरकार तरलं आणि मतांसाठी पैसे दिल्याचा खटला उभा राहिला. घटनेच्या १०५व्या कलमाप्रमाणे सभागृहातलं भाषण आणि मत यांबद्दल सदस्यावर कोर्टात कारवाई होऊ शकत नाही. त्यावरून पाच न्यायमूर्तींनी तीन विरुद्ध दोन असा निर्णय दिला. तो असा: लाच देणाऱ्यावर खटला चालेल. लाच घेऊन त्याप्रमाणे मत देणाऱ्यावर चालणार नाही, कारण मताला संरक्षण आहे. लाच घेऊन मत न देणाऱ्यावर मात्र चालेल, कारण मतच दिलं नाही तर संरक्षण कशाला?

हे मी सासरेबुवांना तीनदा समजावून सांगितलं.

"म्हणजे पैसे घेतले तर काम केलंच पाहिजे, असा कायदा झाला?" त्यांनी विचारलं.

"साधारण तसंच."

"आमच्या कचेरीत हा अलिखित होता," ते म्हणाले.

सव्वीस वर्षं हा कायदा होता. ४ मार्च २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या सात जणांच्या पीठाने तो मोडीत काढला. आता काम करा अथवा न करा, घेतले की गुन्हा. खाल्ल्या मिठाला जागण्याला कायद्यात किंमत उरली नाही.

आणि मग पैशाचा मुख्य दरवाजा, अर्थसंकल्प. इथे विरोधकांच्या हातात कपात प्रस्ताव नावाचं हत्यार असतं. सरकारचं धोरणच मान्य नसेल तर त्या खात्याची मागणी एक रुपयावर आणावी, असा प्रस्ताव मांडता येतो. नुसती तक्रार नोंदवायची असेल तर मागणी शंभर रुपयांनी कमी करा असं म्हणायचं. संरक्षण खात्याच्या काही लाख कोटींतून शंभर रुपये वजा करा, असं माननीय सदस्य गंभीर चेहऱ्याने सुचवतात आणि सत्ताधारी पक्ष त्या शंभर रुपयांसाठी प्राण पणाला लावतो. कारण तो प्रस्ताव मंजूर झाला तर सरकारवर विश्वास उरला नाही असा अर्थ होतो. मंडईत दहा रुपयांसाठी हुज्जत घालणाऱ्यांना आपण उगाच हसतो.

हे सगळं चर्चा झाली तर. वेळ संपला की गिलोटिन पडतं आणि उरलेल्या सगळ्या खात्यांच्या मागण्या एकदम, चर्चेशिवाय मताला टाकल्या जातात. २०१८ मध्ये गोंधळाचे दिवस होते. त्या वर्षीचा अर्थसंकल्प २४ लाख कोटींच्या वरचा. १४ मार्चला लोकसभेने वित्त विधेयक चर्चा न करता, गदारोळातच, आवाजी मतदानाने मंजूर केलं. आवाज त्या दिवशी भरपूर उपलब्ध होता. त्यातला होयचा कोणता हे ओळखण्याचा कान अध्यक्षांना असावा लागतो. त्याच विधेयकाच्या पोटात एक कलम होतं. खासदारांचं वेतन महिना एक लाख रुपये, आणि पुढे दर पाच वर्षांनी महागाई निर्देशांकाप्रमाणे आपोआप वाढ.

या कलमाची थोरवी कळायला मागचा इतिहास माहीत हवा. घटनेच्या १०६व्या कलमाप्रमाणे खासदारांचा पगार खासदारच कायद्याने ठरवतात. १९५४ मध्ये तो महिना ४०० रुपये होता, वर बैठकीच्या दिवशी २१ रुपये भत्ता. मग दर काही वर्षांनी वाढवायची वेळ यायची आणि दर वेळी लोक नावं ठेवायचे. २०१० मध्ये तर कहर झाला. केंद्रीय सचिवाचा पगार ८०,००० रुपये होता. खासदारांच्या समितीने शिफारस केली की आपला ८०,००१ असावा. त्या एका रुपयाला माझा सलाम आहे. लोकप्रतिनिधी नोकरशहाच्या वर असतो, हे तत्त्व इतक्या स्वस्तात आजवर कुणी मांडलं नव्हतं. सरकारने १६,००० वरून ५०,००० केले. एवढ्यावर बोळवण केली म्हणून सदस्य संतापले, सभागृह तहकूब झालं आणि विरोधकांनी तिथेच लुटुपुटूची संसद भरवून लालूप्रसाद यादवांना 'पंतप्रधान' केलं.

२०१८ च्या कलमाने ही सगळी शोभा संपवली. आता कुणी मागायचं नाही, कुणी द्यायचं नाही. निर्देशांक मागतो, अधिसूचना देते. २०२५ च्या मार्चमध्ये अशी अधिसूचना निघाली: पगार १,२४,००० रुपये, बैठकीचा दैनिक भत्ता २,००० चा २,५००, माजी खासदारांचं निवृत्तिवेतन २५,००० चं ३१,०००. लागू १ एप्रिल २०२३ पासून. संसदेत एक शब्द बोलावा लागला नाही, त्यामुळे असंसदीय शब्दाचाही प्रश्न आला नाही.

दैनिक भत्त्याला एक अट आहे. हजेरीपटावर सही केली पाहिजे. सही करून किती वेळ बसायचं, याबद्दल हजेरीपटाचा काही आग्रह नसतो. मुळात बैठकींचे दिवसच आटत चालले आहेत. पहिली लोकसभा वर्षाला सरासरी १३५ दिवस बसली, सतरावी ५५. सभा चालू ठेवायला एक-दशांश सदस्य पुरतात, म्हणजे लोकसभेत पंचावन्न. तेवढे नसले तरी कुणी उठून कोरमचा मुद्दा काढेपर्यंत मोजायचे नाहीत. आणि जेवणाच्या वेळी हा मुद्दा काढू नये, असा जुना संकेत आहे. हा संकेत कोणत्याही नियमात लिहिलेला नसल्यामुळे सर्वपक्षीय सहमतीने पाळला जातो.

जेवण हा तर संसदेचा हळवा विषय. उपाहारगृहाची देखरेख करायला दोन्ही सभागृहांची मिळून समिती असायची. २ मार्च २०१५ रोजी पंतप्रधान मोदी तिथे जेवले, २९ रुपये दिले आणि अभिप्रायाच्या वहीत 'अन्नदाता सुखी भव' असं लिहिलं. त्या २९ रुपयांवर देशाने जेवढी चर्चा केली, तेवढी २४ लाख कोटींवर केली नाही. चहा किती, डोसा किती, मटण किती, याचे तक्ते वर्तमानपत्रांत यायचे आणि लोक ते जपून ठेवायचे. आधी २०१६ मध्ये दर वाढले. मग २०२१ च्या जानेवारीत अनुदानच बंद झालं. वर्षाला आठेक कोटी वाचणार म्हणून सांगण्यात आलं. शाकाहारी थाळी १०० रुपये झाली, मांसाहारी बुफे ७००.

सासरेबुवांनी नवं दरपत्रक चष्मा पुसून वाचलं.

"पोळी तीन रुपये," ते म्हणाले. "फक्त तीन. आमच्या कोपऱ्यावरचा पोळी-भाजी केंद्रवाला बारा घेतो."

मी मान हलवली.

"जावईबापू, दुपारी जेवणाच्या वेळी सभागृहात फारसं कुणी नसतं, नाही का?"

"नसतं."

"आणि लागतात किती?"

"पंचावन्न."

त्यांनी मनाशी काही हिशेब केला. "आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाचे बावन्न सभासद आहेत. सगळे वेळेवर येतात, सही करतात, उठून जात नाहीत आणि दुपारी बोलतही नाहीत, पेंगतात. तीन खासदार तिथले मिळाले तरी जमेल."